मार्थाबाईंची मांजर आणि आमची मामी

‘सवयच वाईट आहे’ असं मामीसमोर कुणी म्हटलं की ती हातातलं काम थांबवून विचारायची, “कधीपासून?” मग विषय शेजारच्या मुलाच्या नापास होण्याचा असो, की इमारतीच्या पंपाचा. समोरचा आठवू लागे आणि बरेचदा उत्तर तिथेच सापडे.

ऐंशीच्या दशकात कॉलेजसाठी मी मुलुंडला मामा-मामीकडे राहत होते. मागच्या गावठाणातल्या मार्थाबाई वारल्या, तेव्हा त्यांची करडी मांजर मामीने कुणालाही न विचारता घरी आणली. मोरीजवळ पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू भरून ठेवली. मांजरीने वाळू हुंगली, पाय झटकला आणि मामाच्या गादीवर जाऊन मुतली.

दुसऱ्या दिवशी माझी धुतलेली ओढणी, मग पुन्हा गादी. मामी वाळू बदलायची, ट्रे घासायची, मांजरीला उचलून त्यात ठेवायची. ती टुणकन बाहेर. मामा एरवी शांत माणूस. पण पुन्हा गादी वाळत घालताना त्याने सांगून टाकलं, रविवारी तो तिला मासळीबाजारात सोडून येणार. तिथे उपाशी तरी मरणार नाही. मलाही ते पटलं होतं.

मामी भांडली नाही. “जनावर वायट नसता गो. तेका काय व्हया ता आमकां कळना नाय,” एवढंच म्हणाली आणि मला घेऊन मार्थाबाईंच्या घरी गेली. त्यांची मुलगी सामान आवरायला आली होती. मांजर असं कधीपासून करते, हे मामीने तिलाही विचारलं. इथे तर कधीच नाही, असं म्हणत मुलीने परसातलं फुटकं घमेलं दाखवलं. त्यात राख होती. मार्थाबाई शेवटपर्यंत शेगडीवर रांधायच्या आणि रोजची राख मांजरीसाठी तिथे टाकायच्या.

आमच्याकडे गॅस. मामी तशीच कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे गेली आणि त्याच्या कोळशाची गार राख पिशवीभर मागून आणली. ट्रेमधली वाळू काढून ती ओतली. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. मांजरीने हुंगलं, पंजाने उकरलं, गोल फिरली.

“बघू नकात,” मामी कुजबुजली. “तेका लाज वाटतली.”

मामाने निमूट मान फिरवली. रविवारी तो मासळीबाजारात गेला, पण एकटाच, आणि येताना मांदेली घेऊन आला.

पुढे मामी राखेत रोज मूठभर वाळू मिसळत गेली. होता होता ट्रेमध्ये नुसती वाळू उरली, तरी मांजरीची काही तक्रार नव्हती.

लग्न होऊन मी बोरिवलीला गेले. काही वर्षांनी तापाचं निमित्त झालं आणि मामी गेली. मामा एकटा पडला, म्हणून मी त्याला न्यायला आले. मांजरीसाठी झाकणाची टोपलीही आणली होती. माझं सगळं बोलणं त्याने ऐकून घेतलं. मांजर त्याच्या मांडीवर झोपली होती.

“ह्या वयात तिका परत घर बदलूक लावू नको,” तो म्हणाला.

मी टोपली दाराबाहेर ठेवली आणि चहा टाकायला उठले.