सखारामजी मिस्त्री आणि देशी चामड्याच्या चकत्या

सखारामजी मिस्त्रींना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी चार पानं लिहून द्या, असं मंडळींनी मला सांगितलं. ज्याच्या हातात जन्मभर पाना आणि कानस, त्याला टाक धरायला लावणं हा तसा जुलूमच आहे. पण सखारामजींबद्दल मी नाही लिहायचं तर कोणी लिहायचं? कारंज्याच्या आमच्या कापसातली सरकी काढायच्या जिनात त्यांच्या हाताखाली इतके हंगाम काढलेला दुसरा माणूस नाही, आणि त्यांची इतकी बोलणी खाल्लेला तर नाहीच नाही.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती दसऱ्याच्या सुमारास. अकोल्याच्या एका कारखान्यातलं काम सोडून मी इथे फिटर म्हणून आलो होतो. माझ्याजवळ एक विलायती पाना होता. त्याच्यावर परदेशी अक्षरांचा छाप होता आणि मला त्याचा भारी गर्व. नमस्कार झाल्याबरोबर मी तो मिस्त्रींसमोर धरला. त्यांनी छापाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ यंत्राकडे गेले, गंजलेला एक नट निवडला, पाना लावून अंगचा सगळा जोर दिला. नट निघाला. मग पाना पुसून माझ्या हातात देत म्हणाले, "चांगला हाये. पन त्याच्यावर कोन्या मुलुखाचं नाव हाये म्हनून नाही, नटावरून घसरत नाही म्हनून." मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. माझ्या वस्तूला चांगलं म्हणून वर माझी खोडच काढली की त्यांनी!

हा त्यांचा स्वभाव गावात सर्वांच्या परिचयाचा आहे आणि पुष्कळांच्या अडचणीचाही. आमच्या शेठजींचा विलायती मालावर देवासारखा विश्वास. घरातल्या सुईपासून कंदिलापर्यंत सगळं बाहेरचं. उलट गावातल्या स्वदेशीवाल्या मंडळींना वाटे, की आपल्या देशात झालं म्हणजे ते चांगलंच असणार. त्यांनी एकदा मोठ्या मानाने सखारामजींना सभेला बोलावलं आणि एक देशी कुलूप त्यांच्या हातात देऊन दोन शब्द बोलायला सांगितलं. सखारामजींनी खिशातला खिळा काढून ते कुलूप सभेतच उघडून दाखवलं. नंतर वर्षभर त्यांना कोणी सभेला बोलावलं नाही. मात्र ज्यानं ते कुलूप केलं होतं, त्या कारागिराला त्यांनी घरी बोलावून आतली पट्टी कशी बसवायची ते दोन दिवस शिकवलं. हे मला त्या कारागिराकडूनच कळलं, मिस्त्रींच्या तोंडून कधीच नाही.

जिनातल्या बायकांविषयी त्यांना फार कळवळा. कापूस यंत्रात लावायचं काम बायकाच करतात आणि यंत्राची सुरी बोटांपासून वीतभरसुद्धा लांब नसते. कवसाबाई म्हणून आमच्याकडची सर्वांत जुनी बाई आहे. तिच्या बोटाला एकदा सुरी लागली, तर सखारामजींनी दुसऱ्याच दिवशी प्रत्येक यंत्रापुढे लाकडी फळी ठोकली. शेठजींनी विचारलं, की विलायती यंत्रात फळी नाही, तर तुम्ही ती काहून लावता? सखारामजींनी त्यांना कवसाबाईचं बोट दाखवलं आणि ते हातोडी घेऊन पुढच्या यंत्राकडे गेले.

आता जे सांगायला मी हा टाक धरला आहे, ते सांगतो.

ज्यांनी जीन आतून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच, की यंत्रात एक रूळ फिरतो. लोखंडी दांड्यावर चामड्याच्या गोल चकत्या एकमेकींना दाटून बसवल्या की तो रूळ होतो. कापूस त्याला धरून पुढे जातो, सुरीपाशी सरकी अडते आणि रूई निघते. चकत्या चांगल्या, तर रूई चांगली. त्या चकत्या विलायतेहून पेट्यांतून येत. लढाई सुरू झाली आणि पेट्या यायच्या बंद झाल्या. हंगाम तोंडावर आला, तेव्हा कोठीत एकच पेटी उरली होती. निम्मी यंत्रं बंद ठेवायची, असं शेठजींनी ठरवलं. म्हणजे निम्म्या बायका घरी. कवसाबाई मिस्त्रींकडे आली. तिनं एवढंच विचारलं, "मिस्त्रीबुवा, आमी कुठी जाव आता?"

सखारामजी त्याच दिवशी बैलगाडी जुंपून कामरगावला गेले. तिथे धोंडबाजी म्हणून चामडं कमावणारे वस्ताद कारागीर होते. त्यांच्याकडून म्हशीचं कमावलेलं चामडं आणलं. ते जिनात आणून तेल पाजायचं, सावलीत हळूहळू वाळवायचं आणि मग चकत्या कापायच्या, असं ठरलं. निम्मं चामडं सखारामजींनी स्वतःकडे घेतलं, निम्मं माझ्याकडे दिलं. बजावून सांगितलं, की ऊन लागू द्यायचं नाही.

आणि मी ऊन लावलं. दिवाळीला मला रिसोडला सासरी जायचं होतं. बायको पुढे गेलेली, मेहुण्याचा दोनदा निरोप आलेला. सावलीत चामडं वाळेना. मी ते दोन दिवस दुपारी उन्हात पसरलं, वरून तेलाचा हात फिरवला, चकत्या कापून ठेवल्या आणि खुशाल करंज्या खायला निघून गेलो. दिसायला चकत्या झक्क होत्या.

शेठजी देशी चकत्यांना तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, की रूईत चामड्याचा काळा भुगा येईल, मुंबईच्या पेढीचा पारखी माल नाकारेल आणि जिनाचं नाव जाईल. तेव्हा सखारामजींनी त्यांना सांगितलं, "शेठजी, तीन यंत्राईले विलायती बसवतो, तीनाईले देशी. कोनतं कुठं ते मी कोनाले सांगत नाही. पारख्यालेच रूई पाहून सांगू द्या." रूई पारखीला उतरली तर हंगामभर सगळी यंत्रं देशी चकत्यांवर चालवायची, नाहीतर निम्मी बंद, असा शब्द शेठजींनी दिला.

पारखी आले. सहा यंत्रांपुढे रूईचे सहा ढीग होते. बाया भिंतीशी उभ्या होत्या. पारख्यांनी प्रत्येक ढिगातली मूठ घेतली, तंतू ओढून पाहिला, उजेडाला धरला. चौथ्या ढिगापाशी थांबून ते म्हणाले, की ही नक्की विलायती रुळावरची, सहांत उत्तम. सहाव्या ढिगात हात घातला तर बोटांना काळा भुगा लागला. ते हसून म्हणाले, "आणि हे तुमचं देशी." शेठजींनी मान डोलावली. सहाव्या यंत्रावरच्या चकत्या माझ्या हातच्या होत्या, हे मला चकत्यांच्या कडेवरच्या माझ्या खुणेवरून ओळखू आलं होतं.

वाचकहो, इथे जरा थांबा. कोणतं यंत्र कशावर चाललं आहे, हे एकट्या सखारामजींना माहीत होतं; मला कळलं होतं ते फक्त सहाव्याचं. चौथं देशी आहे, हे खरं सांगून सहावं विलायती आहे असं ते म्हणाले असते, तर काम फत्ते होतं. तपासणार कोण? त्यांनी तसं म्हणावं, म्हणून मी मनातल्या मनात देवाला नवस बोललो. आज लिहायला लाज वाटते, पण बोललो.

सखारामजी म्हणाले, "चौथीबी देशी हाये आन सहावीबी देशीच हाये. सहावी खराब झाली, ते माह्या हातून झालं. चामड्याले ऊन लागलं."

कवसाबाईनं डोक्याला हात लावला. पारखी मात्र पुन्हा चौथ्या ढिगापाशी गेले, खाली बसले आणि बराच वेळ रूई पाहत राहिले. उठून त्यांनी शेठजींना सांगितलं, की जो माणूस आपला खराब माल आपल्या तोंडानं दाखवतो, त्याच्या चांगल्या मालाची रूई मी डोळे मिटून घेईन. सहावा रूळ त्याच दिवशी उतरवला, शेठजींनी शब्द पाळला आणि हंगामभर एकही यंत्र बंद ठेवावं लागलं नाही. एकाही बाईला घरी बसावं लागलं नाही.

मी संध्याकाळी सखारामजींच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. मला वाटलं, ते मला हाकलतील. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी दुनियेची चीज ठोकून पाह्यतो. हे तुह्याकडून आलं म्हनून वाकवूनबी पाह्यलं नाही. मंग चूक कोनाची झाली?" मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

पुढे वाशीमच्या जिनांकडून चकत्यांना मागणी आली. शेठजींचं मत आता पार उलटलं होतं. प्रत्येक पेटीवर 'स्वदेशी' असा मोठा शिक्का मारायचा, असं त्यांनी ठरवलं. सखारामजी नको म्हणाले. "देश लय मोठा हाये शेठजी, त्याच्या मांगं मानूस दडून जाते. ज्यानं चामडं वाळवलं त्याचं नाव मारा." तेव्हापासून आमच्या पेट्यांवर कारागिराचं नाव असतं. धोंडबाजींचंही असतं. माझ्या नावाचा शिक्का त्यांनी स्वतः कोरून माझ्या हातात दिला. पहिल्या पेटीवर तो मारताना मी प्रत्येक चकती वाकवून पाहिली होती, आणि आजही पाहतो.

जिनात अजून सगळे समजतात, की तो रूळ सखारामजींच्या हातून बिघडला. कोणी चेष्टेनं तसं म्हटलं तर ते हसून घेतात. त्यांनी मला कधी बोलू दिलं नाही. आज ग्रंथ त्यांचा असला तरी टाक माझ्या हातात आहे, म्हणून छापून टाकतो: तो रूळ माझा होता. मी, महादेव फिटर, यानं ते चामडं उन्हात टाकलं होतं.

सखारामजी, तुमचे कान आणि हात असेच शाबूत राहोत, गुडघे दुखायचे थांबोत आणि आमच्या नातवंडांच्या हातच्या चकत्यासुद्धा तुम्ही वाकवून पाहाव्यात, एवढं आयुष्य परमेश्वर तुम्हाला देवो. हे वाचून माझा राग आला, तर जिनात येऊन चार लोकांत मला बोला. मी सहाव्या यंत्रापाशी उभा असेन.