बारा टाकल्या, तेरा निघाल्या

देवरे साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बघा मॅडम. इथे मी हाक मारतोय. एक. दोन. तीन. ही बाई जागी आहे की झोपलीये, तुम्हीच सांगा."

सीसीटीव्हीला आवाज नव्हता, पण साहेबांचं उघडमीट होणारं तोंड स्पष्ट दिसत होतं. शेजारी कस्टमरचा माणूस उभा. आणि दोघांकडे पाठ करून टेबलाशी बसलेली अनिता सूर्यवंशी. डोळे उघडे, हात चालू, चेहरा कोरा. तिसऱ्या हाकेलाही मान हलली नाही.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. चाकणच्या तीन-चार कंपन्यांमध्ये आठवड्याचा एकेक दिवस जाते. कामगार मला मागून 'मेंटलवाल्या मॅडम' म्हणतात आणि समोर चहा आणून देतात, त्यामुळे माझी तक्रार नाही. देवरे इथले क्वालिटी हेड. माणूस सरळ, पण घाईचा.

या कंपनीत ब्रेकमध्ये बसणाऱ्या रबरी सील बनतात. अंगठीएवढी काळी कडी. अनिताचं काम व्हिज्युअल इन्स्पेक्शनचं, म्हणजे प्रत्येक सील दिव्याखाली फिरवून बघायची. चांगली हिरव्या बिनमध्ये, कापलेली किंवा फुगा आलेली लाल बिनमध्ये. दिवसभर हेच.

"ब्रेकचा पार्ट आहे मॅडम," देवरे म्हणाले. "उद्या एक खराब सील गेली तर कोणाचा तरी जीव जाईल. मी तिला पॅकिंगला टाकतो."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण पॅकिंगला खोकी उचलावी लागतात आणि अनिताची पाठ आधीच गेलेली. पॅकिंग म्हणजे घरी बसणं, हे तिला, मला आणि खरं तर साहेबांनाही माहीत होतं. मी त्यांच्याकडून दोन आठवडे मागून घेतले.

लाइनवर तोवर निदान झालंच होतं. एक म्हणे फिट येते, दुसरी म्हणे अंगात येतं, मंगळवारी जास्त. फिटची शंका मीही घेतली. एका प्रकारच्या फिटमध्ये माणूस पडत नाही, काही सेकंद नुसता हरवतो. म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. मेंदूचा आलेख काढला, तपासणी झाली, सगळं स्वच्छ. झोपही नीट होती. मग मी तिला समोर बसवून विचारलं, "काम करताना तुम्ही कुठे असता?"

ती लाजली. "कुणाला सांगू नका मॅडम. मी अहमदपूरला जाते, गावाकडं."

"म्हणजे?"

"म्हणजे मनातल्या मनात. आमच्या गल्लीतून चालत जाते. कोण वट्ट्यावर बसलंय, कुणाच्या दारात काय वाळत घातलंय, समदं बघते. काल मामीकडं चहा बी पिऊन आले."

"आणि खराब सील आली तर?"

"हाताला कळतंय की. हात थांबतो. मग मी परत येते, ती लाल डब्यात टाकते अन् पुन्हा जाते. कामून हसायलाव मॅडम?"

मी हसत होते, कारण आमच्या पुस्तकांमध्ये याला 'जाणिवेची बदललेली अवस्था' म्हणतात. ऐकायला हिमालयातली गोष्ट वाटते. प्रत्यक्षात पोळ्या लाटणारी प्रत्येक बाई रोज या अवस्थेत जाऊन येते. हात सरावाचे झाले की मनाला तिथे थांबायची गरज उरत नाही. बाईची ब्रह्मानंदी टाळी लागली होती, एवढंच.

इतकं कळल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण तज्ज्ञाला उपाय सुचवल्याशिवाय चैन पडत नाही. या कंपनीत मशीन सुरू करताना प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलायची पद्धत आहे. 'गार्ड बंद. प्रेशर ओके.' मी म्हटलं, हेच अनिताला लावू. प्रत्येक सील हातात घेऊन म्हणायचं, 'कट नाही, फुगा नाही, ओके.' मन जागेवर राहील. देवरे खूश झाले. मीही स्वतःवर जरा खूशच होते.

आठवड्यानं परीक्षा घेतली. चांगल्या मालात मुद्दाम खराब नग मिसळायचे आणि किती पकडले जातात ते मोजायचं. कारखान्यात या मुद्दाम टाकलेल्या नगाला 'रेड रॅबिट' म्हणतात. तीनशे सीलमध्ये बारा ससे सोडले. अनिता 'कट नाही, फुगा नाही' म्हणत राहिली, कपाळाला घाम आला, आणि तिनं पकडले सात.

"संपलं," देवरे म्हणाले. "उद्यापासून पॅकिंग."

अनिता माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, आणि तेच जास्त लागलं. तिची नोकरी तिच्या डोळ्यांमुळे नव्हे, माझ्या शहाणपणामुळे चालली होती. आगीतून फुफाट्यात टाकलं होतं मी तिला.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "बोलायला लागले की बोलण्याकडंच ध्यान जातंय. सील दिसतच नाही. एकडाव माझ्या पद्धतीनं करू द्या की."

मी देवरेंना सांगितलं, की चूक माझी आहे, शिक्षा तिला नको, एक फेरी अजून. ते कुरकुरले, पण मानले. "मात्र या वेळी चांगल्या सीलपण मीच निवडणार. नंतर वाद नको." त्यांनी भिंग घेऊन स्वतः एकेक सील तपासली. तासभर कोणाला केबिनमध्ये येऊ दिलं नाही.

अनिता बसली. पहिली पाच मिनिटं आमच्याकडे चोरून बघत होती. मग खांदे सैल पडले, चेहरा कोरा झाला. पोचली अहमदपूरला.

शेवटची सील टाकून तिनं मान वर केली. देवरेंनी लाल बिन उपडी केली आणि मोजलं. पुन्हा मोजलं.

"तेरा आहेत. बारा आपल्या, एक उगाच काढलीये. चांगला माल फेकणं हीसुद्धा चूकच, ताई."

"उगाच नाही काढली साहेब," अनिता म्हणाली. "बघा की नीट."

साहेबांनी आपल्या बारा ओळखून बाजूला केल्या आणि ती तेरावी सील भिंगाखाली धरली. फिरवली. आतल्या कडेला केसाएवढा काप होता. त्यांनी भिंग पुसून पुन्हा बघितलं.

"ही तुम्ही ओके केली होती ना?" मी विचारलं.

"हो."

"लक्ष देऊन?"

"पूर्ण लक्ष देऊन," देवरे म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले.

अनिता आजही त्याच टेबलावर आहे. दर तासाला पाच मिनिटं उठते, कारण टाळी लागलेल्या माणसालाही थकवा येतोच. तिला मागून हाक मारायची नाही, समोर जाऊन टेबलावर टकटक करायची, असा नियम देवरेंनी लेखी काढला. कस्टमरनं कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ताई बाहेरगावी असतात."

मी एवढंच शिकले: माणूस जागेवर आहे की नाही हे चेहऱ्यावरून ठरवू नये, लाल बिनमध्ये काय पडतंय ते बघावं. आणि ते ठीक पडत असेल, तर मानसशास्त्रज्ञ बोलावू नये.