पाजली नाही मी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो — जमेल तसं सांगतो.

माझा धाकटा भाऊ तानाजी दारूत पार बुडाला होता. नव्वदच्या दशकात गारगोटीत आमच्या घराचं नाव निघायचं ते त्याच्यामुळे. आणि मी? मी घरातला शहाणा. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे त्याला मीच नेलं.

डॉक्टरांनी मला बाजूला बसवून समजावलं. मेंदूला आधी सुखाची चटक लागते. पुढं सुख उरत नाही, मागणी तेवढी उरते. दारू सुटली तरी ती वाट मेंदू विसरत नाही. ते सोबती, ती जागा, चखण्याचा नुसता वास — एवढ्यानंही तो आतून मागायला लागतो, आणि ‘नको’ म्हणणारा लगाम नेमका तेव्हाच सुटतो. त्याला या सगळ्यापासून लांब ठेवा, म्हणाले. मी मान डोलावली.

आणि तानाजी खरंच सुधारला हो! तेच मला सोसलं नाही. वडील उसाचं त्याला विचारू लागले. भावकीतली भांडणं मिटवायला लोक त्याला बोलवू लागले. ठेच खाऊन सावरलेला माणूस म्हणून त्याच्या शब्दाला वजन — आणि मी कधी पडलोच नाही, त्याचं कुणाला कौतुक? सख्ख्या भावावर जळलो मी.

एका दुपारी मळ्यात जेवण ठेवलं. त्याचे जुने सोबती बोलावले. तव्यावर कलेजी टाकली — पिताना त्याला तीच लागायची. बाटली उघडून ठेवली आणि मोटर बघून येतो म्हणून विहिरीकडं गेलो. मोटरला काही झालं नव्हतं.

पाजली नाही मी. एक थेंब नाही. किती वर्षं हे स्वतःला ऐकवत आलोय!

परत आलो तर त्याच्या हातात ग्लास. मला बघून ओशाळला, पण ग्लास खाली ठेवला नाही. ठेवताच येत नव्हता त्याला — आणि तिथं हे फक्त मला कळत होतं.

पुन्हा तो सावरला नाही. दवाखाने, नवस, शपथा — सगळं मीच पुढं होऊन केलं. भाऊ असावा तर असा, म्हणायचे लोक. मी ऐकून घ्यायचो.

शेवटी पोट फुगलेलं, डोळे पिवळे. खाटेवरून त्यानं माझा हात धरला.

“दादा, लई केलंस की माझ्यासाठी. मलाच जमलं न्हाई बघ. माफ कर मला.”

मी म्हणालो, “केलं माफ.”