पीठ सैल झालंय

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतातला माणूस नाय. गारखेड्यात माझं पंक्चरचं दुकान हाय. मागं चिंचेचं झाड हाय, त्याला सगळी गल्ली घाबरती... मी त्याच्याच खाली दुपारी घोरत पडतो. शाळा माझी तिसरीत सुटली, शाळेला लई हायसं वाटलं. आत्ता पण मी लिहीत नाय, मोबाईलमध्ये बोलतोय, तो लिहितोय. चुकलं तर त्याचं, जमलं तर माझं.

तर, माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणतो. गंगापूरकडचे. धरणाचं पाणी पार त्यांच्या शिवारापर्यंत आलेलं, म्हणून गळ टाकून मासे धरायचा जन्माचा नाद. पण तो नाद एकट्याचा नव्हता. गळाला लावायचं पीठ मामी मळायची — माझी सासू. मामी मळायची, मामा धरायचे. ती पिठात काय घालती हे त्यांनी कधी विचारलं नाय, तिनं कधी सांगितलं नाय. असा संसार.

मागच्या पावसाळ्यात मामी गेली. तवापासून मामा बोलायचेच बंद झाले. आम्ही त्यांना गारखेड्याला आणलं. डॉक्टर म्हणला, गळा चांगला हाय, जीभ चांगली हाय. पण शब्द नाय. भाकर दिली तर अर्धी ताटात. आधी भेटले की मला धा शिव्या घालायचे हो... त्या पण बंद. माझी बायको सुनीता रात्री म्हणायची, "अवो, आबा असंच बसून राहिले तर मायच्या मागं जातील." मी एरवी मयतीला पण जोक मारणारा माणूस, सकाळी दुकानात आलो ते तोंड पाडून.

मग सलीम म्हणला, "ससुरजी को पानी पे लेके चल भाई. मछली देखे तो आदमी का मुँह खुलताच." सलीम म्हणजे माझ्या शेजारचा गॅरेजवाला. त्यानं गॅरेज टाकलं ते मामी गेल्यावर. हे ध्यानात ठेवा, पुढं लागंल.

शनिवारी त्याच्या ओमनीत निघालो. मी, सुनीता, मामा अन् सलीम. मामांच्याच शेतात पाण्याकडंला पत्र्याची खोली हाय, तिथं मुक्काम. पीठ म्हणलं मी मळतो. सुनीता म्हणली, "तुम्हाला चहा येत नाय करता." मी म्हणलं, "अगं, रोज ट्यूबला सोल्युशन लावणारा हात हाय हा!"

त्या हातानं काय केलं ऐका. गळ फेकला की पीठ हवेतच सुटायचं. गळ एकीकडं पडतोय, पीठ दुसरीकडं. दिवसभर आम्ही माशांना फुकट पंगत घातली. माझ्या गळाला एकच गोष्ट लागली, माझी स्वतःची चप्पल. सलीम हसून हसून चिखलात बसला. मामा मात्र मोकळा गळ वर काढायचे, त्याच्याकडं बघायचे, परत पीठ लावायचे अन् टाकायचे. माझ्याकडं बघितलं पण नाय. एक शिवी दिली असती तरी मी तिथंच पेढे वाटले असते.

रविवारी दुपारी भाकर, ठेचा, वांग्याची भाजी झाली. मामा दोन घास खाऊन पाण्याकडंला जाऊन बसले. आम्ही तिघं लांब बाभळीखाली सतरंजीवर आडवे झालो. थंडीचं ऊन, अंगावर धुतलेली गोधडी टाकल्यासारखं. लांब पाण्यात ते गुलाबी पक्षी उभे होते, रोहित म्हणत्यात. पाणी कुठं संपतंय अन् आभाळ कुठं लागतंय ते कळंना... पक्षी आभाळातच उभे हायेत असं वाटलं. तेवढ्यात डोळा लागला.

अन् पाणी माझ्या पायाशी आलं. पाय भिजंनात, पण पाणी होतं, हळदीच्या दुधाच्या रंगाचं. त्याच्या कडंला मामी बसलेली. पुढ्यात परात. घाई नाय, काय नाय. सणाच्या आदल्या दिवशी बसावं तशी. माझं पीठ तिनं बोटानं उचललं, ते पाघळून खाली पडलं. माझ्याकडं बघून म्हणती, "जावईबापू, हे पीठ हाय का लापशी? सैल झालंय. शिळी भाकर कुस्करा त्यात." बास. मग कणिक थापटल्याचा आवाज येत राह्यला, लाटेनं काठाला थापटावं तसा.

जाग आली तर सुनीता उठून बसलेली, डोळे पुसत. सलीम पण बसलेला, तोंड उघडं. मी गप. म्हणलं आपण सांगावं अन् लोकांनी ठेच्याला नाव ठेवावं.

सलीमच म्हणला, "भाई, अभी इधर कोई अम्मा आयी थी क्या?"

"कोण अम्मा?"

"सपने में थी रे. आटा गूँधरी थी. हौ, मेरेकू पूछी, हल्दी डाले क्या? हाथ की चूड़ियाँ ऊपर करके उसपे गीला रुमाल बाँधी थी..."

सुनीतानं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मामी तशीच मळायची. बांगड्यांत पीठ जाऊ नये म्हणून वर ओला रुमाल. तसा तिचा फोटो नाय, अन् सलीमनं तिला जन्मात बघितली नव्हती.

"मला माय पाठमोरी दिसली," सुनीता म्हणली. "बोलली नाय. परातीत बडीशेप टाकत होती. वास अजून येतोय बघा."

आम्ही हळू बोलत होतो. वारा पाण्याकडून आमच्याकडं येत होता, आमचा शब्द तिकडं जायचं कारण नव्हतं. तरी मामांनी गळाची काठी खाली ठेवली. उठले. चालत आमच्यापाशी आले. ते झोपले नव्हते, त्यांची पापणी पण लवली नसंल.

उभ्या उभ्या म्हणले, "काय म्हणली ती?"

एवढ्या महिन्यांनी. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज.

मी म्हणलं, "पीठ सैल झालंय म्हणल्या, मामा."

"मग? काल हे सांगायला माझी जीभ नव्हती म्हणून तिला यावं लागलं व्हय, गाढवा!" म्हणले, अन् सतरंजीवर बसले. मग बारीक आवाजात, "माझ्यासाठी काय?"

 त्यांच्यासाठी तर कुणापाशीच काय नव्हतं. ज्याला सगळ्यात जास्त पाहिजे होती, तेवढ्यालाच ती दिसली नव्हती.

सुनीता म्हणली, "आबा, आम्हाला कुठं मासे धरता येतात? हे सगळं तुम्हालाच सांगितलं की तिनं."

 मामांनी कालची भाकर मागितली. हळद मसाल्याच्या डब्यातली, बडीशेप सुनीताच्या पर्समधली. रुमाल ओला केला अन् आपल्या मनगटाला बांधला. त्यांच्या हातात बांगडी नाय, काय नाय, तरी बांधला. अन् जन्मात पहिल्यांदा मळायला बसले. कुणी हसलं नाय. मी पण नाय.

ऊन उतरायच्या आत गळाला रहू मासा लागला. मामांनी दोन भाकरी खाल्ल्या.

आता तुम्हीच सांगा काय समजायचं. सलीम म्हणतो दुपारचं ऊन डोक्यात गेलं. एकच ऊन तीन डोक्यांत वाटून कसं गेलं? सुनीता तर विचारच करत नाय, माय आली म्हणती, विषय संपला. मी पंक्चरवाला, ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडा निघतो, तिथं भोक असतं. ह्या गोष्टीचा बुडबुडा काय सापडंना मला.

आता आमचा रविवार ठरलेला असतो. मामा तिकडं स्वतः पीठ मळतात, मग बाभळीखाली माझी उशी मांडतात. "जावईबापू, पडा जरा." मी पडतो. गळ सोडून ते माझ्याच उशाशी बसून राहतात. मी उठलो की तोंडाकडं बघतात.

"काही?"

एक दोनदा वाटलं, काहीतरी ठोकून द्यावं. मला काय, थापा मारण्यात मी पयल्या नंबरचा. पण ते डोळे बघितले की नाय जमत.

"नाय मामा. काय नाय."

ते मान हलवतात. काठी उचलतात अन् पाण्याकडं निघतात.

"म्हंजी आज पीठ जमलंय."