किल्लीमामा आणि गॅलरीतली साक्षीदार

बसलीस लिहायला? पंखा जरा कमी कर, कागद उडतोय. आणि मी बोलते तसंच लिही हं. मध्येच शाळेतलं शुद्धबिद्ध घालशील, मग ते माझं राहायचं नाही.

तर हा माझा पाठचा भाऊ. तुझा बाप त्याला मामा म्हणतो, तुझी आई मामा म्हणते, तू खरं तर आजोबा म्हणायला हवं, पण तूही मामाच म्हणतेस. बाजारात किल्लीमामा. बाजाराच्या तोंडाशी, चष्मेवाल्याच्या भिंतीला टेकून त्याची टपरी. टपरी कसली, एक माणूस बसला की भरली. वर तारेला कोऱ्या किल्ल्यांचे घोस, पुढे फळी, फळीवर किल्ली धरायचा लोखंडी शिकंजा. कानशीने किल्ली घासताना जीभ बाहेर काढतो. लहानपणी पाटीवर रेघोट्या ओढताना काढायचा, तश्शी. मी म्हणायचे, आत घे ती, एखाद दिवशी जिभेचीच किल्ली करशील.

त्याची एक रीत होती, ती नीट लिही, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कुणाचं दार अडकलं नि हा उघडायला गेला, की आधी शेजाऱ्यापाजाऱ्याला हाक मारणार. कुणीतरी समोर उभं पाहिजे. नाहीतर कुलपाला हात लावणार नाही. मी म्हणायचे, अरे, घरमालकीण दारात उभी आहे, साक्षीदार कशाला? म्हणायचा, "ताई, आमच्या धंद्यात हात साफ असून भागत नाही, तो साफ आहे हे कुणीतरी बघावं लागतं."

तर त्या दिवशी शाळेतल्या रिटायर बाई आल्या धापा टाकत. दार ओढलं गेलेलं, किल्ली आत, आणि गॅसवर दूध. मामा पिशवी उचलून पळाला. दारापाशी गेला तर मजल्यावर चिटपाखरू नाही. बाई ओरडतायत, "उघड रे लवकर, दूध जळतंय!" पण हा कसला ऐकतो. मान वळवून इकडेतिकडे बघितलं, तर समोरच्या इमारतीत गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तिला म्हणाला, "ओ ताई, बघताय ना?" ती म्हणाली, "बघतेय, बघतेय, करा तुम्ही." आणि हा गुडघा टेकून बसला. तार घातली, कान लावला, दार उघडलं. सगळं मिळून तू एक जांभई देशील तेवढ्यात.

त्या गॅलरीतल्या बाईने नुसतं बघितलं नाही. बाईंचं ओरडणं ऐकलं तेव्हाच कठड्यावर मोबाईल उभा करून सगळं उतरवून घेतलं. वाईट मनाने नाही हं. तिला नवल वाटलं. तिने ते बाईंना पाठवलं, बाईंनी मामाला. खाली लिहिलं होतं, बघा तुमची करामत.

मामाला आभाळ ठेंगणं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाराकडे तोंड करून बसलेला माणूस, त्याने स्वतःचे हात असे कधी बाहेरून पाहिले नव्हते. चष्मेवाल्याला दाखवलं, चपलावाल्याला दाखवलं, गिऱ्हाइकाला थांबवून दाखवलं. "हा मीच! बघा, बघा, आता मनगट फिरेल." माझ्याकडे येऊन मलाही दाखवलं, दोनदा. मी म्हटलं, "जीभ बाहेर आहे बघ." तर केवढा हसला. ज्याने मागितला त्याला तो व्हिडिओ पाठवून दिला. सगळ्या बाजाराला पाठ झालं, हा किल्लीमामा.

पुढे कुणी काय केलं देव जाणे. तोच व्हिडिओ परत आला, पण पुढचं-मागचं कापलेला. बाईंचं ओरडणं गायब, दूध गायब, "बघताय ना" गायब. त्या जागी धडधड धडधड वाजतंय. आणि वर लिहिलेलं, भरदिवसा घर फोडणारी टोळी, आपल्या माणसांना सावध करा. तो मान वळवून साक्षीदार शोधतो ना, ते तेवढं ठेवलं होतं. आता ते बघितलं की वाटतं, हा बघतोय कुणी आपल्याला बघत तर नाही ना.

माझा स्वतःचा भाऊ, पण पहिल्यांदा बघितला तेव्हा मीही उठून दाराची कडी बघून आले. मग ज्याने त्याला कधी पाहिलंच नाही, त्याचं काय?

सुरुवातीला बाजारात चेष्टाच चालली. चष्मेवाला सकाळी शटर वर करताना विचारायचा, "काय टोळीप्रमुख, आज कुणाचा नंबर?" मामाही म्हणायचा, "तुझाच, पण तुझ्याकडे न्यायला फ्रेमाच आहेत." हसायचे दोघे. मग ते बातम्यांच्या चॅनेलवर आलं. त्याच्या हाताभोवती लाल गोल, आणि तो कोट घातलेला मुलगा ओरडतोय, तुमचं घर सुरक्षित आहे का? अरे, सुरक्षितच होतं, तू ओरडेपर्यंत! त्यानंतर चष्मेवाल्याने चेष्टा बंद केली. तेव्हा मी ओळखलं की आता काही खरं नाही.

पूर्वी बातमी सकाळी पेपरात यायची, दुपारी शिळी व्हायची. पुढच्या आठवड्यात आम्ही तिच्यात काचेचे पेले गुंडाळून माळ्यावर टाकायचो. कुणाची बदनामी असली तरी तीही गुंडाळली जायची. आता हे मोबाईलमधलं गुंडाळायचं कशात? ते शिळंच होत नाही. दोन महिने गेले की परत ताजं होऊन येतं, नव्या गावाचं नाव लावून.

गिऱ्हाइकं तुटली. जुने लोक यायचे आणि विचारायचे, "मामा, आमच्या किल्लीची नक्कल तर नाही ना ठेवलीत?" तो म्हणायचा, "टपरीत मलाच जागा नाही, नकला कुठे ठेवू?" मग तेही येईनासे झाले. त्याने तयार कुलपं विकायला ठेवली. एका बाईने हातात घेतलं, उलटसुलट केलं, ठेवून दिलं. म्हणाली, दुसरी किल्ली तुमच्याकडेच असणार. आता यावर काय बोलायचं? दार अडकलं की लोक मोबाईलवरून माणूस मागवतात. कोण कुठला, त्याचं नावही माहीत नसतं, पण मोबाईलमध्ये त्याच्यापुढे चांदण्या असतात. मामाला चांदण्या कोण देणार?

पोलीस चौकीत मी गेले होते त्याच्याबरोबर. साहेब भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "तक्रार घेतो, पण कुणाविरुद्ध लिहू?"

"ज्याने हे वर लिहिलंय त्याच्याविरुद्ध."

"तो कोण?"

"ते तुम्ही शोधायचं ना साहेब."

"अहो मामा, मला हा माझ्या मेव्हण्याने पाठवलाय. त्याला त्याच्या ऑफिसातून आला. धरू कुणाला, मेव्हण्याला? घरी जेवायला मिळायचं नाही."

आम्ही उठलो, तर साहेब म्हणतो, "आलाच आहात तर टेबलाचा हा खण उघडून द्या, किल्ली हरवलीय."

मामा म्हणाला, "आधी दोन साक्षीदार बोलवा साहेब."

साहेब पोट धरून हसला. मामा हसला नाही. खण न उघडताच आम्ही घरी आलो.

मग तू तो दुसरा व्हिडिओ केलास, बाईंना बसवून. काय गोड बोलल्या त्या! "मीच बोलावलं, माझंच घर, माझंच दूध." किती जणांनी बघितला गं? लिही, लाजू नकोस. आपल्याच घरातल्यांनी. तुझ्या काकाने तर नुसता अंगठा पाठवला, बघितलाच नाही. आणि मामी तिकडे माहेरी सगळ्यांना तो पहिलावाला पाठवून सांगत होती की हा खोटा आहे. त्यांनी खोटा आहे हे सोडून बाकीचं पुढे पाठवलं. तिला बोलून उपयोग नाही. खोटं आहे म्हणून सांगायचं तरी आधी ते दाखवावंच लागतं.

आता पुढचं तुझ्या आईबद्दल आहे, म्हणून गाळू नकोस.

आपल्या घराची एक जास्तीची किल्ली मामाकडे असायची. हे घर घेतलं तेव्हापासून. मी विसराळू, म्हणून. एक दिवस दुपारी तो आला, चहा घेतला, आणि ती किल्ली बशीत ठेवली.

"हे काय?" मी म्हटलं.

"तुझ्याकडे ठेव ताई."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ठिकाणावर आहे म्हणूनच. उद्या घरात काही इकडचं तिकडे झालं, साधी वाटी सापडेना झाली, तर पहिला विचार कुणाचा येईल?"

मी तुझ्या आईकडे बघितलं. वाटलं, आता म्हणेल, काहीतरीच काय मामा, उचला ती. तिने गॅस बारीक केला. आधीच बारीक होता. मग म्हणाली, "मामा, आणखी चहा?"

मी तिला दोष देत नाही. तिने तो व्हिडिओ दहा जणींकडून दहादा बघितलाय. माणूस किती दिवस आपल्या डोळ्यांशी भांडेल? ती किल्ली मी कपाटातल्या डब्यात टाकली, सुया-बटणांच्या.

आणि गेल्या मंगळवारी काय व्हावं? मी कचरा ठेवायला बाहेर आले, वाऱ्याने दार धाडकन लागलं. तू कॉलेजात, तुझा बाप गावाला, आई ऑफिसात. मोबाईल तेवढा कमरेला होता. तुझ्या आईला लावला तर उचलेना. मग मामाला लावला. हातातलं टाकून आला, पिशवी घेऊन. जिना चढताना पिशवीतली कानस वाजत होती, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

दारापुढे आला, खाली बसला. आपल्या कुलपाकडे बघितलं. मग सवयीने मान वळवली. जिन्याच्या खिडकीतून समोरच्या गॅलरीत एक मुलगी उभी, हातात मोबाईल. मैत्रिणीशी बोलत असेल बिचारी, ती कशाला आपल्याकडे बघतेय? पण मामाचे हात तिथेच थांबले.

मी म्हटलं, "अरे, मी आहे ना. घर माझं. मी सांगतेय उघड."

"बाईंनीही सांगितलं होतं, ताई."

"मग मी ओरडून सांगते त्या मुलीला, हा माझा भाऊ आहे म्हणून!"

"तेवढंच कापतील," तो म्हणाला.

पिशवीचं तोंडसुद्धा उघडलं नाही त्याने. दोन्ही हात काखेत घातले, थंडी वाजल्यासारखे. मग सदऱ्यावरचं जाकीट काढलं, घडी केली, पायरीवर ठेवलं. "बस, पाय दुखतील तुझे." मी बसले, तो खालच्या पायरीवर बसला. जे दार त्याने एका जांभईत उघडलं असतं, त्याच्यापुढे आम्ही दोघं म्हातारी ऊन उतरेपर्यंत बसून होतो. लहानपणीच्या गोष्टी निघाल्या. आमच्या आईने आम्हाला एकदा असंच बाहेर ठेवलं होतं, तेही निघालं. तेव्हाही त्याला उघडता आलं असतं म्हणे, पण आईचा मार कोण खाणार.

तुझी आई आली, आम्हाला बघून कावरीबावरी झाली. "मामा, तुम्ही असून..." एवढंच म्हणाली. पर्समधून किल्ली काढून लावली. कुलूप कुरकुरलं.

मामा तोवर चार पायऱ्या उतरला होता. तिथूनच, मागे न बघता म्हणाला, "आतून कोरडं पडलंय. तेलाचा थेंब सोडा त्यात."

"तूच सोड ना," मी वरून ओरडले. "पिशवीत आहे की तुझ्या!"

तो वर आलाच नाही, जाकीट माझ्याकडेच राहिलं. ते अजून खुर्चीवर आहे, बघ. आणि कुलूप अजून कुरकुरतंय. तुझी आई म्हणते मी घालते तेल. मी म्हटलं, राहू दे.