कर्नाळ्याच्या रस्त्यावरची झोप

त्या वर्षी मी देवाशी मनातून अबोला धरला होता, हे आधीच कबूल केलेलं बरं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. रात्री पाठ टेकण्यापूर्वी डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना म्हणायची आणि सकाळपर्यंत आपला जीव देवाच्या हवाली करायचा, हे आईनं मला मी बोबडं बोलत होते तेव्हापासून शिकवलेलं. मी म्हणतही होते. पण प्रार्थना संपवून हात खाली घेतला की डोळे टक्क उघडे. माझा जीव ठेवून घ्यायला देवच तयार नाही असं मला वाटे, आणि ज्याला आपण नको आहोत त्याच्याशी बोलायचं तरी काय, असं मनात येई.

मी पनवेलच्या दवाखान्यात नर्स होते. आमचे हे मामलेदार कचेरीत कारकून. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. आजूबाजूच्या गावांतून बाळंतपणासाठी बैलगाडी आली की मी पेटी घेऊन निघायची. एका पहाटे जासईकडच्या एका वाडीतून अशीच गाडी आली. पहिलटकरीण होती, एकोणीस वर्षांची. दिवसभर कळा दिल्या तिनं आणि दिवेलागणीला तिला मुलगी झाली. मूल सुखरूप होतं, पण आईचं रक्त थांबेना. मला येत होतं ते सगळं केलं. शेवटी तिला गाडीत घालून पनवेलला आणायला निघालो. मिठागरांच्या बांधाशी आलो तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. थोडं पुढे गेलो आणि ती पकड सैल पडली.

डॉक्टर म्हणाले, "तुमची चूक नाही. मी असतो तरी याहून वेगळं काही केलं नसतं." मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पण झोप गेली ती गेलीच. आधी वाटलं, दोन दिवसांचा थकवा आहे. मग आठवडे गेले, महिने गेले. अंथरुणावर पडलं की मन उलटतपासणी घ्यायला बसे. अजून अर्धा तास आधी निघाले असते तर? कापड दाबून धरण्याचा उपाय आधी केला असता तर? उत्तर मिळत नसे, आणि प्रश्न काही संपत नसत. दिवसा डोक्यात कापूस भरल्यासारखं होई. आमटीत एकदा मीठ घातलेलं असताना पुन्हा घालायची. वेणी घालायचा कंटाळा येऊ लागला. एका शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे आमच्या विसाव्याच्या पवित्र दिवसाचा, दिवा लावायचा राहून गेला. ह्यांनी तो गुपचूप लावला. त्याची मला इतकी लाज वाटली की मोरीत जाऊन रडले. बाळंतपणाला जायचं मी बंद केलं. गाडीच्या चाकांचा आवाज आला तरी मी आतल्या खोलीत निघून जायची.

शेजारणींनी सांगितलं ते सगळं झालं. दुधात जायफळ उगाळून प्यायले, तळपायांना काशाची वाटी घासली. डॉक्टरांनी एक मिक्श्चर दिलं. त्यानं डोळे मिटत, पण ती झोप विहिरीत पडल्यासारखी असे. डॉक्टर भले होते. एकदा म्हणाले, "बाई, पाय मोडला असता तर तुम्हाला कुणी पळ म्हटलं असतं का? हाही आजारच आहे. बरा होतो, पण सावकाश." मी मान डोलावली. सकाळ होऊच नये असं अलीकडे मनात येतं, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

शेवटी आमच्या ह्यांनीच अलिबागेजवळच्या खंडाळ्याचं नाव काढलं. तिथल्या खडकावर आमच्या प्रेषिताच्या, एलियाहू हनाबीच्या, रथाच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत, अशी आमच्या लोकांची श्रद्धा. अडल्यानडल्याला आम्ही तिथे नवस बोलतो आणि मलिद्याचं ताट ठेवतो. "जाऊन तर ये," हे म्हणाले. "काही मागू नकोस हवं तर. नुसती बसून ये." त्यांना रजा मिळाली नाही. अलिबागच्या स्टँडवर माझा भाऊ घ्यायला येणार होता, म्हणून मला एकटीला सकाळच्या एस.टी.त बसवून दिलं. श्रद्धेनं निघाले असं म्हणणार नाही. नाही म्हणण्याचंही त्राण नव्हतं, म्हणून निघाले.

पळस्पे मागे टाकून गाडी कर्नाळ्याच्या झाडीत शिरली आणि इंजिनातून धूर येऊ लागला. ड्रायव्हरनं उतरून पाहिलं, कपाळाला हात लावला. इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तुटला होता. कंडक्टर एका मालट्रकवर चढून नवा पट्टा आणायला पनवेलला परत गेला. आम्ही सगळे उतरून झाडांच्या सावलीला बसलो. आता भावाला कसं कळणार, उशीर होणार, उशीर झाला की काय होतं ते मला ठाऊक होतं. मी उठून फेऱ्या घालू लागले. सारखी रस्त्याच्या वळणाकडे जायची आणि परत यायची.

एक म्हातारी आगरीण एका आंब्याच्या बुंध्याला टेकून बसली होती. गुडघ्यापर्यंत कासोटा, शेजारी सुकटीची पाटी. ती मघापासून माझ्याकडे पाहत असावी. "बाय गो," तिनं हाक मारली, "किती चालशील? रस्ता काय संपाचा नाय. बस हितं."

मी बसले. "कवापासून झोपली नाय?" तिनं सरळ विचारलं.

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे विचारत, झोप लागते का. मी म्हटलं, "वर्ष होत आलं." आणि मग काय झालं कोण जाणे, त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं. मिठागराचा बांध, ते मनगट, आणि सकाळ होऊ नये असं वाटतं तेही. तिनं हळहळ केली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. सुपारीचं खांड तोंडात घोळवत ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू अजून तिची राखण करतेस गो. ती गेली, तरी तू जागीच." आणि लुगड्याचा सोगा नीट करून तिनं मांडी थोपटली. "ठेव डोका हितं. नीज. मी हाय नं जागी."

मी चांगली तीस वर्षांची, पांढऱ्या साडीतली नर्सबाई. भर रस्त्यात, परक्या माणसांदेखत मी त्या म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं. लुगड्याला सुकटीचा वास होता. तिचा खरखरीत तळवा माझ्या कपाळावरून दोनदा फिरला. तिसऱ्यांदा फिरलेला मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन झाडांच्या पलीकडच्या अंगाला गेलं होतं. माणसं नव्हती, गाडी नव्हती. मी धडपडून उठले. "गाडी?"

"गेली कवाच. भोंगा वाजवला त्यानं, मी हात हालवून सांगितला, जा म्हून. कंडक्टरजवळ निरोप धाडलाय, तुझ्या भावाला सांगल तो."

"अहो, पण मला उठवायचं नाही का? तुमचीही गाडी गेली!"

"गाडी उद्या बी येल," ती पाय चोळत म्हणाली. मांडीला मुंग्या आल्या असणार तिच्या. "मी लेकीकडं चाललेली पेणला. लेक काय पलून जात नाय. तुझी झोप येकदा मोडली असती, तर परत कवा आली असती?"

संध्याकाळी पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत तिनं मला बसवून दिलं. खंडाळा राहिलं ते राहिलंच. घरी गेले तर हे दारातच उभे होते, इतक्यात परत आलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "मी झोपले." एवढंच म्हटलं. ते उंबऱ्यावर खाली बसले.

त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या रात्री पुन्हा जागीच होते. पण जागं राहण्यातली ती धास्ती कमी झाली होती. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे जाऊन, जे लपवलं होतं तेही सांगितलं. त्यांनी औषध बदललं, दोन महिने हलकं काम दिलं, आणि रोज संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला बजावलं. हे बरोबर यायचे. झोप कधी दोन तास येई, कधी चार. प्रार्थना म्हणून झाल्यावर मी मनाला सांगू लागले की जगाची राखण करणारा कुणीतरी जागा आहे, एका रात्रीपुरतं माझ्यावाचून त्याचं अडणार नाही.

मग एका रविवारी धीर करून मी जासईकडच्या त्या वाडीत गेले. वर्षभर त्या घराची चौकशी करायचं मला धाडस झालं नव्हतं. सासू अंगणात होती. कडेवर वर्षाची पोर, काळ्याभोर डोळ्यांची. मला पाहताच बाई रडायला लागली. "नरसबाय, तुमी येईनाशा झाल्या, तवा आमाला वाटला तुमी रागावल्या. आमीच गाडी जुपायला उशीर केला. माझा डोला लागत नाय त्या दिसापासून." मी तिचा हात धरला. इतके दिवस दोन घरांत दोन बाया एकाच प्रश्नापाशी जाग्या होत्या. मी तिला तेच सांगितलं, जे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, की तुमची चूक नाही. दुसऱ्याला सांगताना ते मला पहिल्यांदा खरं वाटलं. त्या महिन्यात मी पुन्हा पेटी घेऊन बाळंतपणाला गेले.

ती म्हातारी मला पुढे एकदा पनवेलच्या बाजारात भेटली. सुकटीचे वाटे मांडून बसली होती. तिनं मला ओळखलंच नाही. मी आठवण करून दिली तेव्हा मोठ्यांदा हसली, "हां हां, ती निजकी बाय!" आणि मूठभर सुकट माझ्या हातावर ठेवली. आमच्या वडीलधाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, एलियाहू हनाबी कुणाच्याही रूपानं रस्त्यात भेटतात. असेल. त्या बाईला नाव होतं, गाव होतं, पेणला लेक होती, हेही तितकंच खरं. देवाला एखाद्याची मांडी उसनी घ्यावीशी वाटली, तर ती कुणाची घ्यावी हे त्यानं ठरवावं. मी वाद घालत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं मिळून खंडाळ्याला गेलो. पोहे, गूळ, ओलं खोबरं कालवून मलिदा केला, खडकापाशी ताट ठेवलं. मागायचं काही सुचलंच नाही, नुसतं बसून आले. परतीच्या एस.टी.त पेण सुटलं आणि आमच्या ह्यांची मान हळूहळू माझ्या खांद्यावर कलली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं! माझ्या त्या सगळ्या रात्री हा माणूसही शेजारी जागाच होता, आणि मला ते आज दिसत होतं. पनवेल येईपर्यंत मी खांदा हलवला नाही. हात बधिर झाला, बाहेर अंधारून आलं, आणि त्यांचा श्वास संथ होत गेला तशी मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत राहिले.