पाटोद्याच्या माथ्यावर, अठराच्या हवेवर

पहाटे पुण्यातून निघालो तेव्हा डोक्यात राग होता. आमची पाच जीपगाड्यांची टोळी दर वर्षी एखादा अवघड कच्चा रस्ता धरते. गेल्या वर्षी पाटोद्याजवळच्या चढावर माझ्या गाडीचं चाक बसलं, सगळे तीन तास खोळंबले आणि निम्म्यातून परतले. यंदा ते मला न कळवता दुसरीकडे जाऊन आले. फोटो पाहिले तेव्हा मला समजलं. दुसऱ्यांच्या गाड्या धुण्यापासून सुरुवात करून मी ही जीप घेतली आहे. कोणी वगळलेलं मला सोसत नाही. तोच चढ एकट्यानं पार करायचा, नाही जमलं तर टोळी सोडायची, असं ठरवलं होतं.

कडा गावात चहा घेतला, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून सरकत पुढे गेलो. हळूहळू ऊस संपला आणि जमीन उघडी पडत गेली. पाटोद्याच्या पुढे डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या दिसल्या. लांबून जत्रेतल्या भिंगऱ्या वाटत होत्या. जवळ गेलो तर एका पात्याची सावली अख्ख्या शेतावरून सरकत गेली. मी नकळत गाडी थांबवली होती.

डांबर सुटलं तिथे हवा कमी करायला बसलो. चाक दगडावर पसरून बसावं म्हणून बत्तीस पौंडांची हवा अठरावर आणतात. माझ्या टायरांत जेल आहे (छिद्र आतून बुजवणारा दाट द्रव). पुढच्या डाव्या चाकाची हवा सोडली आणि वाल्वमधून हिरवा चिकट बोळा बाहेर आला. मग हवा थांबेचना. माझा लहान पंप नुसता घरघरला, आत काही जाईना. गेल्या वर्षी अगदी असंच झालं होतं, आणि मी सगळ्यांसमोर जेल विकणाऱ्याच्या नावानं शिव्या घातल्या होत्या.

खुरडत खुरडत एका वस्तीपर्यंत पोचलो. पत्र्यावर चुन्यानं ‘हवा-पंक्चर’ लिहिलेलं. कॉम्प्रेसरपाशी सुमनबाई नावाच्या बाई शेंगा फोडत होत्या. बाजेवर त्यांचे सासरे, आबा, मेंढरं कातरायची कात्री घासत बसलेले.

“एक चाक. किती घेणार?”

“चाळीस.”

“पुण्यात फुकट भरतात.”

“मग पुण्यातच भरा की दादा.”

“लांब न्हाई,” आबा म्हणाले. “सांजच्याला पोचताल.”

मी तीस म्हणालो. “तीस तर तीस,” बाई म्हणाल्या, “पन चाक मी माझ्या मनानं भरनार.”

त्यांनी गाडी दोन हात पुढे घ्यायला लावली. मग अजून चार बोटं. मग म्हणाल्या, “आता बसा. च्या घ्या.”

“मी बसायला आलो नाही. हवा भरा.” माझा आवाज चढला.

“वरडू नगा. तुमचा वाल खाली हुता. जेल तळाला बसतंय. वाल खाली ठिवून हवा सोडली की तेच त्वांडाशी येतंय. वाल वर घ्यायचा, जेल उतरू द्यायचं, मग हात लावायचा. ह्या पवनचक्कीवाल्यांच्या गाड्यांत हेच हाय.”

“तुमाला कावून सांगितलं न्हाई कुनी?” आबांनी विचारलं.

सांगितलं होतं. विकणारा सांगत होता तेव्हा मी किमतीवरून त्याच्याशी भांडत होतो.

शेळीच्या दुधाचा चहा पिऊन होईपर्यंत मी गप्प बसलो. बाईंनी वाल्वची पिन काढून पाण्यात धुतली, बसवली, हवेचा एक झटका आत दिला आणि मगच मीटर लावलं. मग टायरवर पाणी ओतलं. रबरात हिवराच्या झाडाच्या काट्यांची टोकं मोडून बसली होती.

“ती आमची,” आबा म्हणाले. “शेरडांला (शेळ्यांना) फांद्या पाडतो आमी. काटे वाटंवर ऱ्हातेत.”

बाईंनी चिमट्यानं एक काटा उपसला. फुस्स झालं, हिरवा थेंब आला. “घ्या गाडी पुढं.” चाक दोनदा फिरलं. पुन्हा पाणी ओतलं तर बुडबुडा नाही. मी सव्वीस काटे मोजले आणि मोजणं सोडलं. एवढ्या भोकांनिशी हे चाक मला निमूट इथवर घेऊन आलं होतं.

बाकीची तीन चाकंही त्यांनी तशीच तपासली आणि चारही अठरावर आणून दिली. “त्याचे किती?” मी विचारलं.

“काय न्हाई. तुमी गप बसला न्हवं, तेच लई झालं.”

चढावर मऊ पडलेली चाकं दगडांना तळव्यासारखी धरत गेली. शेवटच्या वळणाला गाडी एकदा मागे घसरली. मी गिअर बदलला नाही, चिडलोही नाही. चाकानं पकड घेईपर्यंत थांबलो. माथ्यावर पोचलो आणि पुढची जमीन एकदम तुटली. खाली डोंगराच्या सोंडा एकामागे एक निळ्या होत गेलेल्या. मेंढरांचा कळप उतारावरून सांडल्यासारखा जात होता आणि घंटांचा आवाज इतक्या वर येत होता. तिथे कितीतरी वेळ उभा होतो. पाच गाड्यांच्या घोळक्यात मी असं काही पाहिलं असतं का, शंका आहे.

डांबरावर आल्यावर हवा पुन्हा बत्तीसवर घेतली. एकेक वाल्व वर आणून, वाट पाहत. तास गेला.

माथ्यावरचा फोटो टोळीला पाठवून वर चार झोंबणारे शब्द लिहायचे, असा बेत होता. घरी आल्यावर फोटो पाठवला, पण लिहिलं ते वेगळं: गेल्या वर्षीचा खोळंबा माझ्या हातानं झाला, जेलचा त्यात दोष नव्हता. मला न सांगता गेलात, ते मात्र भेटल्यावर तोंडावर विचारणार आहे.

दुसऱ्या दिवशी एकाचं उत्तर आलं: “विचार. आणि तो चढ आम्हाला दाखव.”

मी कळवलं, दाखवतो. पण वाटेत एका वस्तीवर थांबावं लागेल, आणि गाडी किती बोटं पुढे घ्यायची यावर तिथे कोणी वाद घालायचा नाही.